साखरपुड्याचं काजळ

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्याला मी सगळं सांगते, त्याला नको असलं तरी. एकदा हेही सांगायचं ठरवून मी टीव्ही बंद केला होता. पण टीव्ही बंद झाल्यावर तो एवढा घाबरला, की मी म्हटलं — काही नाही रे, गॅस संपलाय. मग सिलिंडर उचलून बघणं वगैरे झालं. तेवढ्यात माझी हिंमत गेली.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही ओळखीचे नाही, तेच बरं.

मी अंधेरीच्या एका लॅबमध्ये काम करते. विषाणूंच्या तपासण्या. कोणाच्या नाकातला, घशातला, कधी डोळ्यातला बोळा येतो, त्यावर प्रक्रिया करून तो नमुना यंत्रात घालायचा आणि पडद्याकडे बघत बसायचं. रेघ सपाट राहिली तर विषाणू नाही. वर चढली तर आहे, आणि जितकी लवकर चढली तितका माल जास्त. एवढंच. पण कोविडच्या काळापासून मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला 'डॉक्टर' म्हणतात. मी डॉक्टर नाही. मी कोणाला बरंही करत नाही. — हीसुद्धा एक कबुली समजा. पण ही छोटी.

मोठी अशी.

माझ्या मोठ्या दिरांची मुलगी ऋता. तिचं लग्न ठरलं वेसाव्याच्या सागरशी. मुलगा इंजिनिअर, घर कोळीवाड्यात. त्याची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं हिराआत्याने, मासळी विकून. ती अजूनही बाजारात बसते. आमच्याकडे या लग्नाला कोणाचाही विरोध नव्हता — हे आमच्याकडे इतक्या वेळा बोललं गेलं की तुम्ही काय ते समजा.

साखरपुडा लग्नाच्या थोडा आधी ठेवला होता आणि त्यात घरच्या बायकांचा नाच होता. आम्ही कितीतरी संध्याकाळी गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, प्रॅक्टिस केली. आणि मला पुढच्या रांगेत मधोमध जागा मिळाली होती. तुम्ही हसाल. पण या घरात लग्न होऊन आल्यापासून प्रत्येक फोटोत मी डावीकडून शेवटची आहे. अर्धा हात आणि एक कानातलं. मधोमध कायम माझ्या जाऊबाई, ऋताची आई, माधुरीताई. या वेळी त्यांचा गुडघा दुखत होता. देवाने इतकी वर्षं ऐकून शेवटी गुडघा दिला होता.

साखरपुड्याच्या तोंडावर माझा डावा डोळा चुरचुरायला लागला.

मुंबईत तेव्हा डोळ्यांची साथ होती. आमच्या लॅबमध्ये डोळ्यांचे नमुने येत होते. मी स्वतःला म्हटलं, धूळ गेली असेल. पण धूळ गेली असेल असं ज्याला खरंच वाटतं, तो लॅबमध्ये एकटं असताना स्वतःच्या डोळ्याच्या कडेचा बोळा घेतो का? मी घेतला. बाकीच्या नमुन्यांसोबत यंत्रात घातला आणि चहा प्यायला गेले. परत आले तर रेघ चढलेली. चढलेली म्हणजे — घाई असल्यासारखी. त्या दिवशीच्या सगळ्या नमुन्यांमध्ये सगळ्यात आधी.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा. पुढे मी कितीही गोड बोलले तरी लक्षात ठेवा.

आणि कसं पसरतं तेही माहीत होतं. डोळ्यांत बघून होत नाही, लोक काहीही म्हणतात. होतं ते हाताने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने. डोळ्याला लागलेली वस्तू दुसऱ्याच्या डोळ्याला लागली की झालं. यावर मी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मोठा मेसेज टाकला होता. खाली सगळ्यांनी हात जोडले होते.

मी घरी राहायला हवं होतं. पण मी राहिले असते तर मधोमध कोण आलं असतं? माधुरीताईंची बहीण, बोरिवलीची वीणा. तिला स्टेप्स धड येत नव्हत्या. मी ठरवलं, जायचं, पण कोणाला हात लावायचा नाही. साखरपुड्यात! शंभर बायकांमध्ये!

डोळ्याची लाली लपवायला मी काजळ लावलं. दोन्ही डोळ्यांना, जाडसर. तरी पाणी वाहतच होतं. पण अंगठ्या घालताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं बघून सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या — धाकटी बघा किती हळवी आहे, सख्खी आई रडत नाहीये आणि ही रडतेय. माधुरीताईंनाही मग जरा रडावं लागलं. मी नाचले. मधोमध नाचले. झकास नाचले, खोटं कशाला सांगू.

आता येतेय मी त्या जागेवर. इथवर आले की दर वेळी मला दुसरंच काही आठवतं — जेवण कसं होतं, वीणाची साडी कशी होती. नाही. सांगते.

नाचानंतर ऋता धावत आली. फोटोग्राफर थांबला होता, तिचं काजळ पुसलं गेलं होतं आणि मेकअपवाली खाली जेवायला गेली होती. ती म्हणाली, "काकू, काजळ आहे ना गं तुझ्याकडे? पटकन दे."

पर्समध्ये माझा हात गेला. पेन्सिल हाताला लागली. 'नाही' म्हणायला काय लागतं? एक श्वास. पण 'नाही' म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, अगं, मग तू आत्ता लावलंयस ते कुठलं? मग मी काय सांगणार होते?

मी दिलं.

टोपण काढून दिलं.

तिने लावलं, तिच्या मैत्रिणीने लावलं, मग माधुरीताईंनी, वीणाने, सागरच्या दोन बहिणींनी. पेन्सिल हळदीकुंकवासारखी फिरली. मी बघत होते. विषाणू कसा पसरतो हे पडद्यावर रेघांमध्ये बघायची मला सवय. इथे तो साड्या नेसून माझ्यासमोर पसरत होता. एकटी हिराआत्या म्हणाली, "माना नको बाय, माजं डोलं हायत तसंच बरं." आणि तिने ऋताचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, गाल कुरवाळले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग पुढचा चेहरा. मग त्याच्या पुढचा. समोर येईल त्याची तिने दृष्ट काढली. माझीसुद्धा.

लग्नाच्या आदल्या दिवशी फोन सुरू झाले. ऋताचे डोळे टोमॅटोसारखे. सागरचे तसेच. माधुरीताई, दीर, वीणा, माझा नवरा, सागरच्या बहिणी, दोन्हीकडचे मामा. नवरा मुलुंड स्टेशनबाहेरून काळे गॉगल घेऊन आला. पिशवी भरून. फेरीवाल्याने विचारलं म्हणे, साहेब, नाटक आहे का?

लग्न गॉगलमध्ये लागलं. तो अल्बम बघितलात तर वाटेल एखाद्या टोळीचं लग्न आहे. भटजींनी खबरदारी म्हणून लावला आणि मंगलाष्टकांच्या मधेच त्यांना पोथी दिसेना. अंतरपाट बाजूला झाला आणि नवरानवरीने एकमेकांना पाहिलं — म्हणजे एकमेकांच्या काचेत स्वतःला पाहिलं. लोक हसत होते. मीही हसले. माझे डोळे तोवर बरे झाले होते ना.

तीच पंचाईत होती.

मुहूर्ताच्या आधी नवरीच्या खोलीत आम्ही बायका बसलो होतो. माधुरीताई गॉगलआडून म्हणाल्या, "हे आणलं कोणी? तू सांग, तू त्यातली आहेस." मी म्हटलं, आता कळून काय उपयोग. तेवढ्यात वीणा म्हणाली, "सोपं आहे यार. कोणाला झालं नाही ते बघा ना." आणि सगळे काळे गॉगल माझ्याकडे वळले.

तुमच्याकडे कधी इतके गॉगल एकदम वळलेत?

सासूबाई म्हणाल्या, तिला कसं होईल, ती किती हात धुते. बायकांनी माना डोलावल्या. मी सुटले होते. तिथे गप्प बसले असते तर मी नुसती भित्री ठरले असते. पण मी बोलले. मी म्हणाले, "अजून एकीला झालेलं नाही. हिराआत्यांना."

मग मी शास्त्र सांगितलं. की काही माणसांना लक्षणं दिसत नाहीत, पण त्यांच्याकडून पसरतं. की हे हातातून जातं. की चेहऱ्याला कोण कोण हात लावत होतं, आठवा. प्रत्येक वाक्य एकेकटं बघितलं तर चुकीचं नव्हतं. माधुरीताई लगेच म्हणाल्या, "आणि ते हात दिवसभर मासळीत." मी मासळीचं नाव काढलं नव्हतं. माशांमुळे डोळे येत नाहीत हे मला माहीत होतं. तेही मी बोलले नाही. वीणा 'एसिम्टोमॅटिक' हा शब्द दोनदा म्हणाली, आणि मी तिचा उच्चार सुधारला.

मांडवात हिराआत्या हिरवी नऊवारी, अंगभर सोनं अशी ऋताकडे आली. हात पुढे केले. माधुरीताई मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिच्या तळव्यांवर सॅनिटायझर ओतला. हिराआत्याला वाटलं, अत्तर आहे. तिने वास घेतला, हसली, मानेला लावला. मग वीणाने तिला समजावून सांगितलं. जोरात, कारण बँड चालू होता. "आमच्या डॉक्टरवहिनींनी शोधून काढलंय," असंही सांगितलं.

हिराआत्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. हात पदराखाली. ज्या मुलाला तिने वाढवलं त्याच्यावर अक्षता टाकायला ती उठली नाही. सागर न्यायला गेला तर ती त्याला म्हणाली, लांब रह रे.

ऋता सासरी गेली ती भांडण घेऊनच. सागर आमच्याकडे यायचा बंद झाला. आमच्याकडचे म्हणाले, बघा, आम्ही आधीच म्हणत होतो. — कधी म्हणत होते? विरोध तर कोणाचाच नव्हता.

आणि एके दिवशी हिराआत्या स्वतः मुलुंडला आली. वेसाव्याहून, दोन बस बदलून, मोठी टोपली घेऊन. पापलेट, कोळंबी, मला आवडते तशी मांदेली साफ करून. सोफ्यावर बसली नाही, दाराजवळच्या स्टुलावर बसली. म्हणाली, "बाय, तुम्ही शिकलेल्या. माज्यामुलं पोरीच्या लग्नाची वाट लागली. माना माफ करा."

आता तरी? दारात, फक्त आम्ही दोघी, नवरा ऑफिसला. याच्याहून सोपं ते काय असतं?

मी म्हणाले, "असू दे हो आत्या. मुद्दाम थोडंच केलंत."

मी तिला माफ केलं. तुम्ही नीट वाचलंत. आणि मांदेली तळून खाल्ली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पुढे ऋताला मुलगा झाला. बारशाला आम्ही सगळे वेसाव्याला गेलो. लोक बाळ या हातातून त्या हातात देत होते, आणि हिराआत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी. ऋता म्हणाली, काकू, त्यांनी त्याला अजून घेतलेलंच नाही. घ्या म्हटलं की म्हणतात, नको, माझ्याकडे ते आहे.

इतके महिने. ते महिने मी कुठे होते? लॅबमध्ये. पगार घेत होते.

हिराआत्याने मला बाजूला बोलावलं. "बाय, माजी तपासणी करता का? एकदा करा. नसंल तर घेईन म्हणते." त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. मी म्हणाले, करू. दुसऱ्या दिवशी ती अंधेरीला लॅबमध्ये आली, नवं लुगडं नेसून. मी तिला खुर्चीत बसवलं, मान वर करायला सांगितली आणि तिच्या स्वच्छ, कधीच काही न झालेल्या डोळ्यांच्या कडेला बोळा फिरवला. ती हलली नाही. तिने माझा हात धरून ठेवला होता.

रेघ सपाट आली. दुसरी कशी येणार होती?

मी फोन करून सांगितलं, निगेटिव्ह आहे. माझ्या त्या आवाजात, ज्यात मी बिल्डिंगला सल्ले देते. तिला तो शब्द कळला नाही, म्हणून म्हटलं, नाहीये आत्या तुमच्याकडे, गेलं. 'गेलं' म्हणाले. 'नव्हतंच' नाही म्हणाले.

फोनमध्ये ती रडली. मग तिने फोन बंद न करताच बाजूला ठेवला असावा, कारण मला सगळं ऐकू येत होतं — बांगड्या, बाळाचं कुरकुरणं, आणि ती वाडीभर ओरडून सांगत होती की डॉक्टरीणबाईंनी तिला बरं केलं.

मी ऐकत राहिले. माझ्या बाजूने मीही फोन ठेवला नाही.