बादलीतलं मामाचं पाणी

मामा रविवारी गेला. त्याचा कोरल, टाकीतलं प्रवाळ, अजून जिवंत आहे.

मला काहीच कळत नाहीये, म्हणून इथे टाकीवाल्यांच्या ग्रुपवर लिहितेय.

आटगावात समुद्र नाही. मामाच्या हॉलमध्ये होता. काचेच्या टाकीत, पाण्यात मीठ कालवून.
लोडशेडिंग झालं की मामी आधी बॅटरीवरचा पंप लावायची, मग मेणबत्ती शोधायची.

मी शाळेत असताना मामाने कल्याणहून नवीन कोरल आणला. दगडावर चिकटलेली हिरवी बटणं, आणि प्रत्येक बटण जिवंत!
मला तो लगेच टाकीत हवा होता.

"थांब गो. आधी डिप," मामा म्हणाला.

डिप म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवून किडे काढणं. दोन बादल्या. पहिलीत कोरल ज्या पाण्यातून आला तेच पाणी आणि आयोडीनचं औषध, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. जास्त झालं तर किड्यांबरोबर कोरलपण मरतो.
हातात ग्लोव्हज, कारण या बटणांत विष असतं. हलकेच हलवायचं, किडे खाली पडतात. अंडी औषधाने मरत नाहीत, ती ब्रशने काढायची.
मग दुसऱ्या बादलीत स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुवायचा.
पहिल्या बादलीतलं पाणी टाकीत कधीच नाही. लगेच ओतून टाकायचं.

आबा, म्हणजे मामाचे वडील, ओट्यावरून बघत होते.

"आमाला पाण्याला हात लावू देत नव्हते. आनि तू पाहुन्याला धुऊन आत घेतोस होय रे?"

मामाचा हात थांबला. मला वाटलं, झालं, आता भांडण.

"आबा, मी कोन कुठला ते नाय बघत. किडे बघतो. उद्या माझ्या कोरलचा तुकडा हिच्याकडे गेला, तरी ही डिप करनार. समद्यांना एकच नियम."

आबा म्हणाले, मग ठीक.
जरा वेळाने म्हणाले, "पन त्याला थंडी वाजत असंल."

काल मामीने मला तोच दगड दिला. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, टाकीतल्या पाण्यासकट. मामाच्या आजारपणात टाकीकडे बघायला कुणी नव्हतं. बाकी सगळं मेलं, हा एकटा राहिला. अर्धी बटणं मिटलेली.

"हे जगव बाय," मामी म्हणाली. "ह्यांच्या हातचं शेवटचं पानी हाय त्यात. सांडू नको."

भावाच्या बाइकवर मागे बसून, बरणी मांडीत धरून, मुरबाडला माझ्या घरी आणली. इथे माझीपण एक टाकी आहे.

आता सांगा. डिप केला तर इतका वीक कोरल मरू शकतो. नाही केला आणि किडे असले, तर माझी टाकी जाणार, आणि हापण जाणार.
आणि मामाचा कोरल मी धुवायचा? मामाचा?

बरणी मोरीत नेऊन ठेवली.

मग तेच आठवलं. समद्यांना एकच नियम.

बरणीतलं पाणी बादलीत ओतलं. औषध मोजून घातलं. कोरल बुडवून हलकेच हलवला.

किडे पडले, मामा. खूप.
तू आजारी होतास, तुला दिसले नसतील.

कोरल आता वेगळ्या छोट्या टाकीत आहे. एखादं अंडं राहिलं असेल म्हणून पुढच्या आठवड्यात परत डिप. सकाळपासून एक बटण अर्धं उघडलंय. की मलाच तसं वाटतंय, माहीत नाही.

पहिली बादली मोरीत तशीच आहे. तपकिरी पाणी, तुझ्या हातचं.
लगेच ओतायचं असतं, तूच सांगितलंस.

मामीला काय सांगू?

ओतते, मामा. आज नाही.

जय भीम.