वहिनींची कंट्रोल-क्यू

वहिनींचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं, आणि ते फिरायला कारणही तसंच होतं.

स्टुडिओत त्यांना सगळे वहिनीच म्हणत, कारण मालक त्यांचा सख्खा धाकटा दीर. नवरा होता तोवर दुकान दोघा भावांचं होतं. तो गेला आणि कसं कोण जाणे, ते एकाचंच झालं. वहिनींकडे उरली ती मागच्या खोलीतली खुर्ची. लग्नाचे ढिगाने फोटो यायचे, त्यातले अल्बमजोगे त्या निवडायच्या. मिटलेले डोळे, तोंडातला अर्धा घास, मध्येच घुसलेलं कोणाचं तरी कोपर, काही म्हणता काही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही.

वर्षानुवर्षं माउस ओढून त्यांचं उजवं मनगट कामातून गेलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, माउसला हात लावायचा नाही. हे वहिनींनी कोणाला कळू दिलं नाही. फायली हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये शिरून त्यांनी स्वतःचे शॉर्टकट बसवले, सगळे डाव्या हाताच्या आवाक्यातले. कंट्रोल आणि क्यू दाबलं की फोटो 'अल्बम' फोल्डरमध्ये, कंट्रोल आणि ई दाबलं की 'बाद'मध्ये. उजवा हात मांडीवर गप्प पडून राहायचा.

आणि मध्येच एक दिवस क्यू चालेना. 'बाद' सुरळीत, 'अल्बम' मात्र ढिम्म. सवयीने बोट आधी तिकडेच जायचं, मग चरफडत दुखऱ्या हाताने माउस ओढायचा. त्यात काल दीर दारात उभा राहून म्हणाला, की वहिनी अर्धा दिवस नुसत्या बसून असतात. असंच चाललं तर मागे दुसऱ्या कोणाला बसवीन, वहिनींनी काउंटरवर गिऱ्हाइकांना फोटोंची पाकिटं द्यावीत. नुसत्या बसून! मनगट जाळून घ्यायचं आणि वर हे ऐकायचं. पुढे बसणाऱ्या माणसाला मागचं कसं दिसलं, हे रागाच्या भरात त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आज मात्र त्या हात धुऊन त्या शॉर्टकटच्या मागे लागल्या. सेटिंगच्या यादीत तो मुकाट जागेवर होता. काढून पुन्हा घातला. प्रोग्रॅम बंद करून उघडला. कळच मेली असेल म्हणून नुसतं टाइप करून पाहिलं, तर ओळभर क्यू उमटले. तेच काम कंट्रोल आणि डब्ल्यूला दिलं, तर फोटो निमूट अल्बममध्ये गेला. म्हणजे कळ ठीक, फोल्डर ठीक, प्रोग्रॅम ठीक. सगळे साळसूद. दुसरी एखादी डब्ल्यूवर समाधान मानून कामाला लागली असती. वहिनींना आता कारण हवं होतं.

दीर बँकेत गेला होता. पुढे त्याचा कॉम्प्युटर रिकामा होता आणि फोटो तिथूनही उघडत. वहिनींनी आपलं सेटिंग पेनड्राइव्हवरून तिथे नेलं आणि कंट्रोल-क्यू दाबली. फोटो गेला. म्हणजे जे आडवं येतंय ते आपल्या कॉम्प्युटरवर आहे आणि याच्यावर नाही.

त्या तरातरा मागे आल्या. मागून गुपचूप चालणारे प्रोग्रॅम पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारच्या बाणाखाली दिसतात; त्यावर क्लिक केलं, तर आत एक डोळ्याचं चिन्ह. छोटासा, उघडा. कंट्रोल-क्यू दाबली, डोळा मिटला. पुन्हा दाबली, उघडला. माउसचा बाण त्याच्यावर नेला तेव्हा लिहून आलं, 'कर्मचाऱ्याची नोंद सुरू'.

वहिनींच्या अंगाची लाही झाली. त्यांच्या पडद्यावर कोणीतरी पाळत बसवली होती, आणि ती थांबवायची कळ नेमकी त्यांचीच निघाली; पाळत ती मधल्या मध्ये गिळायची, फोटोपर्यंत पोचूच द्यायची नाही. एक फोटो निवडायला गेलं की पाळत झोपायची, पुढचा निवडायला गेलं की जागी व्हायची. झोपेतला सगळा वेळ मालकाकडे रिकामा म्हणून जायचा. अर्धा दिवस नुसत्या बसून असतात, ते असे.

दीर परतला तेव्हा वहिनी त्याच्या खुर्चीत बसून फोटो निवडत होत्या. नजर पडद्यावरून न काढता त्यांनी त्याला सगळं सांगितलं, मनगटासकट. तो ओशाळला. हल्ली सगळीकडेच असं ठेवतात, म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा.

"मग या कॉम्प्युटरवर का नाही, भाऊजी?"

"हा माझा आहे, वहिनी."

वहिनींनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"हे दुकान मी आणि तुमच्या भावाने उभं केलं तेव्हा तुम्ही शाळेत होतात. फी इथूनच जायची. तेव्हा माझं-तुमचं कोणी केलं नाही."

तो घाईघाईने म्हणाला, आत्ता काढून टाकतो तुमच्यावरचं.

"काढू नका. इथेही घाला. मग उठते मी."

दीर हातातली बॅग सावरत उभा राहिला. ना त्याने प्रोग्रॅम घातला, ना वहिनींना उठा म्हणायची त्याची छाती झाली. तेवढ्यात दार वाजलं, गिऱ्हाईक आलं. तो मुकाट्याने काउंटरमागे गेला आणि पाकिटं शोधायला लागला.

वहिनींनी कंट्रोल-क्यू दाबली आणि पुढचा फोटो घेतला.