काकूंनी खाडीला दिलेली पुस्तकं

गेल्या महिन्यात रत्नागिरीत माझ्या चित्रांचं प्रदर्शन होतं, आणि मी सकाळपासून नुसते खिळे तपासत होतो. “खिळ्यांना कसली नजर लावतोस मेल्या, लोकं येतील ती बघ,” असं इरफान म्हणाला. इरफान म्हणजे आमच्या खाडीतला होडीवाला, माझा मित्र.

मी रद्दीतल्या पुस्तकांची चित्रं करतो. पानं प्लायवर चिकटवायची, त्यात जाळ्याचे तुकडे, होडीचा उरलेला रंग… आणि वरून वॉर्निश. दहावी अर्धवट सोडलेल्या मुलाने वर पुस्तकं फाडावीत, हे घरी अजून पटलेलं नाही.

या वेळचे सगळे पैसे लहान होड्यांना लाइफ जॅकेट घ्यायला होते. गेल्या हंगामात पलीकडच्या वाडीतले रघुनाथकाका होडीतून पडले. होडी मिळाली… काका अजून मिळालेले नाहीत.

दुपारी त्यांच्या बायको आल्या, सुमतीकाकू. मोठ्या चित्रासमोर थांबल्या. त्यात लाटा होत्या, सगळ्या भजनाच्या पुस्तकांच्या पानांच्या. कडेला लाल पेन्सिलीने ‘काळी चार’, ‘काळी पाच’ असे पेटीचे सूर लिहिलेले होते. ते मला आवडले, म्हणून मी मुद्दाम दिसतील असे ठेवले होते.

“ही आमच्या ह्यांची पुस्तकं,” काकू म्हणाल्या. “दिराला सांगितलं होतं मी, खाडीत सोड म्हणून. ते तिकडे… मग पुस्तकं घरात ठेवून काय करू?”

त्या पुस्तकांची गोणी मी धक्क्याच्या पायरीवरून उचलली होती. आमच्याकडे जुन्या पोथ्या, देवांच्या तसबिरी लोक पायरीवर ठेवून जातात, भरती लागली की पाणी नेतं. हे मला माहीत आहे. पण गोणीचं तोंड नायलॉनच्या दोरीने आवळलेलं होतं, मला वाटलं कुणीतरी रद्दी टाकली…

ते चित्र एका डॉक्टरांनी घ्यायचं ठरवलं होतं. त्याशिवाय जॅकेटं पुरणार नव्हती. मी इरफानकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतोस? उतरव,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याच्या होडीतून आम्ही तिघं खाडीच्या तोंडाशी गेलो. काकूंनी अबोलीची फुलं वाहिली, मी चित्र पाण्यावर ठेवलं.

ते बुडेना.

प्लाय होतं ते. दमट हवेने खराब होऊ नये म्हणून मी दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा वॉर्निश मारलं होतं. एवढा विचार करणारा मी, आणि हे डोक्यात आलं नाही… चित्र उताणं तरंगत बाहेर गेलं.

त्यानंतरच्या सकाळी ते धक्क्याच्या पायरीवर आलेलं होतं. काकूंना बोलावलं. त्या शेजारी बसल्या, पदराने वाळू पुसली. एकही अक्षर गेलं नव्हतं.

“माणूस येत नाही,” त्या म्हणाल्या, “आणि हे आलं बघ.”

मग उठल्या. “ह्यांनी ठेवून घेतलं नाही. दे डॉक्टरांना. जॅकेटं आण.”

जॅकेटं आली. पहिले काही दिवस लोक ती बुडाखाली घेऊन बसत होते. “उकडतं रे, बाकडं बरं होतं याचं,” असं वर मलाच ऐकवायचे.

मग काकू सकाळी धक्क्यावर येऊन उभ्या राहायला लागल्या. त्या दिसल्या की जो तो जॅकेट अंगात घालतो.

मला लोक चित्रांबद्दल शाबासकी देतात, तेव्हा अवघडायला होतं. खरं काम त्या करतायत. होड्या निघाल्या की आम्ही सगळे समुद्राकडे बघतो. काकू फक्त जॅकेटांची बकलं बघतात.