एक सोडून सर्वानुमते

बंगळूरला कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायला आलो, तेव्हा माझ्या संसाराच्या यादीत बेचाळीस वस्तू होत्या. पहिल्याच गणपतीत त्यांतल्या नऊ मराठी मंडळाच्या नाटकाला गेल्या आणि सात परत आल्या. उरलेल्या दोन कुठे आहेत हे विचारायला मी मंडळाच्या बैठकीत गेले, ती तिथेच अडकले. माझं अक्षर बरं होतं, त्यामुळे इतिवृत्ताची वही माझ्याकडे आली. समितीत अकरा पुरुष होते. बाई कुणाला नको होती, बाईचं अक्षर मात्र चालत होतं.

बैठक रविवारी सकाळी कँटीनमध्ये भरायची. अध्यक्ष कारखान्यातले बडे इंजिनिअर. ते आधी आपलं मत सांगायचे आणि मग इतरांना त्यांचं विचारायचे. अशाने बैठक लवकर संपते. मी ‘सर्वानुमते संमत’ आधीच लिहून ठेवायची आणि ठराव नंतर भरायची.

ही सोय अण्णांनी मोडली. अण्णा लेथ विभागात फोरमन. त्यांचं घराणं तीनशे वर्षं इथलंच, त्यामुळे मराठीत कानडी भरपूर. त्यांनी तोंड उघडलं की पुण्याहून आलेली मंडळी आधीच हसायला बसलेली. पण नाटकात नायिका व्हायचे तेच. नऊवारी नेसून स्टेजवर उभे राहिले की त्यांची भाषा अशी स्वच्छ व्हायची, की पुणेकर गप्प.

माझ्या दुसऱ्या वर्षी ते बैठकीत म्हणाले, “यंदा नायिकेचं काम बाईनं करावं.”

“का हो अण्णा, मिशी वाढवायचीय?” अध्यक्षांनी विचारलं.

“ते राहू दे, साहेब. काम बाईनं करावं.”

“अहो, कुठल्या घरची बाई सगळ्या वसाहतीपुढे उभी राहणार?”

“विचारलं तर कळेल.”

कुणी विचारलं नाही. मतं झाली, दहा विरुद्ध एक. मी वही मिटणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, “अक्का, स्वल्प थांबा. सर्वानुमते कसं? मी आहे ना. ‘एक सोडून’ लिहा.”

मी वर बारीक अक्षरात लिहिलं. वहीत खाडाखोड झाल्याचा राग मला आठवडाभर पुरला.

मला वाटलं, आता हे रुसणार. रुसले असते तर बरं झालं असतं. रुसलेल्या माणसाला सगळे मिळून समजावतात आणि विषय मिटतो. यांनी मिशी काढली, तालमीला सगळ्यांच्या आधी आले आणि काम झकास केलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. पुन्हा दहा विरुद्ध एक.

त्या वर्षी साड्यांची यादी द्यायला मी त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत त्यांची सातारची बायको नायिकेची वाक्यं म्हणत पदर खोचत होती, आणि बनियनवर पदर घेतलेले अण्णा तिची नक्कल करत होते.

“तीन पावलं चालायचं, थांबायचं, मग मान वळवायची,” ती म्हणत होती. “बस पकडायला निघाल्यासारखं नाही. आणि ‘स्वल्प’ नाही म्हणायचं, ‘थोडं’.”

“सरी, सरी,” फोरमन मान डोलावत म्हणाले.

म्हणजे इतकी वर्षं आमच्या टाळ्या या बाईला जात होत्या आणि ती बायकांच्या रांगेत बसून स्वतःचंच काम बघत होती. मला कॉफी देताना ती म्हणाली, “मला एकदा तरी करायचंय हो. चाळिशी आली. अजून दोन वर्षांनी मला नायिकेच्या आईचं कामसुद्धा कुणी देणार नाही.”

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. नाटकात खलनायक होणारा ड्राफ्ट्समन मला रस्त्यात गाठून म्हणाला, “वहिनी, अण्णांचं अगदीच चूक नाही. पण हे लिहू नका.” मग भाजीच्या दुकानात दुसऱ्याने तेच सांगितलं. तिसऱ्याने बायकोकडून कळवलं. मी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने यादी केली. चार नावं झाली. पुढच्या वर्षीच्या बैठकीत ते चारही हात अण्णांच्या विरुद्ध वर गेले, आणि मी ‘एक सोडून’ निमूटपणे लिहिलं.

त्याच्या पुढच्या वर्षी अध्यक्षच म्हणाले, “काळ बदललाय. नायिकेचं काम बाईनं करावं, असं मी कधीपासून म्हणतोय.”

कुणी हसलं नाही. ते खोटंही बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं आठवत होतं. मला वेगळं आठवायचं, कारण वही माझ्याकडे होती.

“आमची सून करील काम,” त्यांनी पुढे जोडलं. भराभर हात वर झाले.

“माझी बायको करील,” अण्णा म्हणाले.

“अहो, तुमचंच तर ऐकलं! आता आणखी काय?”

“अक्का, ‘एक सोडून’ लिहा.”

मी पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

“वहिनी, लिहिणाऱ्याला मत नसतं,” अध्यक्ष म्हणाले.

“मग दुसऱ्या कुणाला लिहू दे,” म्हणत मी वही पुढे सरकवली. दहाही जण वहीकडे झुरळाकडे बघावं तसे बघत राहिले. मग ड्राफ्ट्समनने छताकडे बघत हात वर केला. त्याच्यामागून माझ्या यादीतले उरलेले तिघे.

“बरं, बरं. दोघींना वाचू दे,” अध्यक्ष म्हणाले.

पुढच्या रविवारी दोघी आल्या. सूनबाईंनी रेशनकार्ड वाचावं तसं वाचलं आणि सुटले एकदाची अशा चेहऱ्याने खाली बसल्या. मग अण्णांची बायको उठली. तीन पावलं चालली, थांबली आणि मान वळवली.

“अरे, हे तर थेट अण्णा!” ड्राफ्ट्समन ओरडला.

“नवऱ्याचं बघून बघून शिकल्या,” अध्यक्ष कौतुकाने म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून ‘सर्वानुमते’ लिहिलं. अण्णांनी ते वाकून तपासलं.

नाटक झालं. टाळ्या झाल्या. नंतर बटाटेवडे खाताना आमच्या शेजारच्या काकू तिच्याजवळ आल्या. “छान केलंस हो. पण खरं सांगू? मागच्या वर्षीची नायिका जास्त ठसकेदार होती.”

अण्णांना असा ठसका लागला की मला त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

“तीही मीच होते, काकू,” ती म्हणाली आणि तिने दुसरा वडा उचलला.