नातीशेजारची जागा

शाळेच्या बसचा ड्रायव्हर तो मामा आणि दारात उभी राहणारी बाई ती मावशी, हे मुलांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. त्या नात्याने आमचे मामा माझे भाऊ लागतात, आणि भावासारखेच माझं डोकं खातात. आरशात बघून बोलतात, गिअर टाकताना बोलतात, सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्याशी बोलतात. आधी वर्षानुवर्षं ट्रक चालवला. तिथे ऐकायला कुणी नव्हतं, त्याचा सगळा वचपा आता आमच्यावर काढतात.

त्यांची नात पहिलीत आहे, आमच्याच बसमध्ये. घरी त्यांना आबा म्हणते, बसमध्ये मामा. "इथे सगळे मामाच म्हणतात ना!" हे तिचं म्हणणं. मामांना त्याचं कोण कौतुक.

मामांची एक पद्धत होती. बसमध्ये कुणी हमरीतुमरीवर आलं की त्याला पुढे आपल्या शेजारी बसवायचं आणि सगळ्यांत शेवटी उतरवायचं, घर वाटेत लागलं तरी. "तापलेलं इंजिन लगेच बंद करत नाहीत, मावशी. जरा चालू ठेवायचं, मग बंद." शेवटच्या थांब्यापर्यंत मामांची बडबड ऐकून पोर इतकं दमायचं, की भांडण विसरूनच जायचं. मला विचाराल तर ही शिक्षा भांडणापेक्षा जबर होती.

मग नवा कायदा आला. मारण्याची, जाळण्याची धमकी देणाऱ्या विद्यार्थ्याचं प्रकरण पोलिसांत जाणार आणि त्याला वर्षभरापर्यंत शाळा बंद. ज्याने ऐकलं त्याने त्याच दिवशी शाळेला कळवायचं. लपवलं तर नोकरी गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी हे सभेत वाचून दाखवलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. मामा मात्र म्हणाले, "बरं झालं." मागे कुणीतरी फोनवरून धमकी दिली म्हणून अख्खी शाळा मैदानात आणून बसवली होती. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांची नात शाळेचं नाव काढलं की आईला चिकटायची.

आता वकीलसाहेब. ही नववीतली मुलगी. शब्दाला शब्द दिल्याशिवाय खाली बसत नाही, म्हणून हे नाव. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने महिनाभर खपून आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल केला होता. परत येताना दहावीतल्या दोघी मागे मस्ती करत होत्या, आणि त्यातली एक सरळ सीटवर ठेवलेल्या पुलावर जाऊन बसली. वर दोघी खिदळल्या.

वकीलसाहेब ताडकन उभी राहिली. "उद्या ह्या बसला आगच लावते! तुम्ही सगळे आत असताना!"

भरली बस गप्प झाली. मामासुद्धा. नातीचा चेहरा पांढराफटक पडला.

मामांनी मुलीला पुढे बसवलं. सगळी पोरं उतरेपर्यंत ती रडून रडून शांत झाली होती. "रागात बोलले, मामा," म्हणाली.

"झालं गेलं," मी म्हटलं. "घरी जा. आम्ही काही ऐकलं नाही."

"सगळ्यांनी ऐकलंय, मावशी. चिमुरड्यांनीसुद्धा. उद्या ती पोरं बसमध्ये चढायची कशी?" मामांनी मला मुलीच्या आईला फोन लावायला सांगितलं आणि गाडी पुन्हा शाळेकडे वळवली. वाटभर मी त्यांना जे ऐकवलं ते इथे सांगत नाही. पोरीचं वर्ष जाणार होतं, आणि ते हा माणूस स्वतःच्या हाताने घालवत होता. मुलगी एवढंच म्हणाली, "तुम्ही चुगलखोर आहात."

मामांनी शाळेत सगळं सांगितलं. पुलाचंही, आणि मस्ती आरशात दिसत असून आपण वेळेवर ओरडलो नाही, हेही.

पोलीस मुलीच्या घरी जाऊन तंबी देऊन आले. तिची शाळा किती दिवस बंद, हे कायद्याने नेमलेली समिती ठरवणार होती. तिथे मामांना साक्षीला बोलावलं, मी सोबत गेले. एका साहेबांनी विचारलं, "ही मुलगी पुन्हा तुमच्या बसमध्ये आली तर भीती नाही वाटणार?"

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात उत्तर दिलं. "माझी नात त्याच बसमध्ये असते. हिला तिच्या शेजारी बसवतो."

वर्षाचा महिना झाला. अट एकच, मामा म्हणाले तसं तिला तिथेच बसवायचं. नाही जमलं तर प्रकरण पुन्हा समितीपुढे. त्या दहावीतल्या दोघींनाही महिनाभर बस बंद झाली.

माझा जीव भांड्यात पडला. मामा तर हवेत होते. दुसऱ्या दिवशी बस पुसताना मी सहज विचारलं, "नात काय म्हणाली?"

"कशाला?"

"शेजारी बसवायला."

मामांचा हात थांबला. तिला विचारलंच नव्हतं! साऱ्या जगाशी बोलणारा माणूस, आणि जिच्या शेजारची जागा देऊन टाकली तिच्याशी अवाक्षर नाही. हसावं की चिडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं तर नात म्हणाली, "नाही. ती आग लावते."

महिनाभर त्यांनी गोष्टी सांगून पाहिल्या, चॉकलेटं देऊन पाहिली. नात ढिम्म. "तिच्यावर जबरदस्ती नाही करणार," मामा मला म्हणाले. "नाहीच म्हणाली तर समितीला जाऊन सांगतो, मी चुकलो." मग त्या पोरीचं काय, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. मला मात्र मामांची फार दया आली.

महिना संपून ती सकाळ उजाडली. वकीलसाहेब बसमध्ये चढली, मामांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, आणि नातीपाशी येऊन थांबली. नातीने शेजारच्या सीटवर दप्तर ठेवून त्यावर हात दाबून धरला होता. मामा गाडी सुरू करेनात. मागून कुणीतरी हॉर्नवर हॉर्न मारत होतं.

"मी तसं करणार नव्हते," वकीलसाहेब म्हणाली.

"मग म्हणालीस कशाला?"

समितीपुढे प्रत्येक प्रश्नाला फाडफाड बोललेली ती मुलगी आता नातीसमोर खाली वाकली. "सगळ्यांनी घाबरावं म्हणून," ती पुटपुटली.

"मी कुठे तुझा पूल मोडला होता?"

"नव्हता मोडलास." तिचे डोळे भरून आले. "चुकलं माझं."

मग नातीने दप्तर उचलून मांडीवर घेतलं.

"पण खिडकी माझी," ती म्हणाली.