कांडप यंत्राची तक्रार

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी कांडप यंत्राचे ते प्रकरण माझ्या मनातून गेलेले नाही. तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आखाडा बाळापूरकडच्या एका गावातली विधवा बाई सकाळीच तक्रार अर्ज घेऊन आली. बचत गटाच्या कर्जातून घेतलेले मिरची कांडपाचे यंत्र चोरीला गेले, असे तिचे म्हणणे. दोन लेकरांचे पोट त्या यंत्रावर होते. सोबत गटातल्या चौघी साक्षीला होत्या.

मी चौघींचे जबाब वेगवेगळे घेतले. चौघींनी शब्दाला शब्द तेच सांगितले. खरे बोलणारी माणसे कुठेतरी अडखळतात, एखादी गोष्ट विसरतात. इथे कोणीच काही विसरत नव्हते. शिवाय एवढे जड यंत्र उचलून नेले आणि शेजाऱ्यांना चाहूल लागली नाही, हे मला पटेना. बाईनेच ते विकले असणार, असा माझा कयास होता. मी अर्ज चौकशीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. कोणा अनोळखी बाईचा दबका आवाज होता. "मशीन चोरीला गेली न्हाई. तांड्यावर हाय." नाव विचारताच फोन बंद झाला.

आम्ही गावाजवळच्या तांड्यावर गेलो, पण कोणी तोंड उघडेना. मात्र एका घरामागे कडब्याच्या गंजीजवळ आमच्या हवालदाराला शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात. कडबा बाजूला केला, तर ताडपत्रीखाली यंत्र होते आणि त्यावर मिरचीची ताजी पूड.

बाईला ठाण्यात बोलावले. महिला शिपायासमोर मी तिला खोट्या तक्रारीची शिक्षा कडक शब्दांत ऐकवली. तेव्हा ती बोलली.

"दीर गिऱ्हाईक घिऊन आलता सायब. भावाच्या घरातली वस्तू माझीच, म्हणून राहिला. तवा तांड्यावरल्या मैतरणीकडं ठिवली. पोलिसात चोरी लिवली म्हणल्यावर त्याला बराबर पटलं असतं."

मला राग आला आणि हसूही. यंत्राची पावती तिच्याच नावाची होती. दिराला बोलावून अशी समज दिली, की तो पुन्हा यंत्राकडे फिरकला नाही. तिचा खरा जबाब घेऊन अर्ज निकाली काढला.

यंत्र न्यायला चौघीही आल्या. त्यांचे बोलणे कानावर पडले आणि फोनवरचा आवाज मी ओळखला; तो त्यांच्यातल्याच एकीचा होता. खोट्या जबाबावर सही केल्यामुळे ती घाबरली असणार. तरी बाईने सावध राहावे असे मला वाटले. तिला बाजूला घेऊन म्हणालो, खबर तुमच्यातल्याच एकीने दिली. नाव माझ्या जिभेवर होते.

तिने हात जोडले. "नाव घिऊ नका सायब. कळलं तर मला तिच्याशेजारी बसवायचं न्हाई. अन् त्यायच्याबिगर मला कोन हाय?"

बाहेर चौघी यंत्र टेम्पोत चढवत होत्या. कोणाच्याही तोंडाकडे न पाहता तिने पाचवा हात लावला.

संशय घेणे ही माझी नोकरी होती. त्या बाईला मात्र तो परवडणारा नव्हता, आणि हे तिला माझ्याआधी कळले होते. जे नाव तिने ऐकून घेतले नाही, ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.