नागसेननं पुसलेली चव्वेचाळीस मिश्रणं

...आणि काल गोष्ट इथवर आली होती, की नागसेननं एंटर दाबला, खुर्चीला पाठ टेकली आणि निवलेल्या चहाचा घोट घेतला. लग्नघरची भांडी घासून, मोजून, ज्याची त्याला पोचवून झाली की माणूस जसा टेकतो, तसा. चेहऱ्यावर केवढं समाधान! पुढच्या दहा मिनिटांत त्याच चेहऱ्यावरचं रक्त उतरणार होतं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

काल जे नव्हते त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं. साल नव्याण्णव. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लालासाहेबांची लहानशी फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून पंपाचे, इंजिनाचे भाग ओतायचा कारखाना. लालासाहेब पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, घरचा ऊस भावाकडं लावून दिला आणि स्वतः भट्टीच्या धगीत येऊन बसले. आणि नागसेन त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर.

हा नागसेन मूळचा कवठेमहांकाळकडचा. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच सांगून ठेवलेलं, पहिल्या नातवाचं नाव नागसेन. नातू व्हायला पुढं दहा वर्षं गेली, पण नाव तयार होतं. कॉलेज दोन वर्षं करून सुटलं आणि सांगलीत स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात पोरगा नावं घालायला बसला. विजेचं पेन घर्रर्र करत ताटावर फिरवायचं आणि 'मामाकडून सप्रेम' असं वळणदार उमटवायचं. अक्षर मोत्यासारखं. एकदा दोन भाऊ वाटणीचं एकच पातेलं घेऊन आले, म्हणाले, अर्ध्यावर ह्याचं नाव घाल, अर्ध्यावर माझं. नागसेननं विचारलं, "आमटी कुणाच्या बाजूला शिजवायची ते ठरलंय का?" दोघं हसले आणि पातेलं थोरल्याच्या नावावर गेलं. अशी आठ वर्षं काढली. गावात विहाराची सामाईक भांडी होती, त्यांचाही कारभारी हाच. लग्न झालं की सगळ्या घरांची भांडी एका ढिगात यायची. हा एकेक उचलून नाव वाचायचा आणि आळीनिहाय रचायचा. ज्याच्यावर नाव नाही ते बेवारस. ते वर्षभर माळ्यावर आणि मग भंगारात. कुणाची कधी तक्रार आली नाही.

अक्षरावरूनच लालासाहेबांनी त्याला उचलला. "ज्याचं अक्षर सरळ, त्याचं डोकं सरळ," हा त्यांचा पलटणीतला हिशेब. संध्याकाळचा कॉम्प्युटरचा क्लासही त्यांनीच लावून दिला. नागसेनच्या घरात ऑफिसातल्या खुर्चीवर बसून पगार घेणारा तो पहिलाच.

आता कॉम्प्युटरचं. लालासाहेबांचा पोरगा वीरधवल पुण्याला इंजिनियरिंगला. त्यानं दिवाळीत येऊन त्या यंत्रावर लिनक्स नावाची, यंत्र चालवणारी प्रणाली घातली. घालताना यंत्रानं विचारलं, काय काय पाहिजे? हा म्हणाला, सगळं. सोळा भाषांचे टाईप, बुद्धिबळ, पत्ते, जगातल्या झाडून साऱ्या प्रिंटरांची सोय. शिवाय स्वतःच एक प्रोग्राम लिहून दिला. त्यात नाथाजी मिस्त्रींची मिश्रणं भरायची.

हे नाथाजी मिस्त्री म्हणजे त्या फौंड्रीचा प्राण. कुठल्या भागाला बिडाचे डाग, म्हणजे ठोकळे, किती, भंगार किती, कोळसा किती, फेरोसिलिकॉन नावाचा मसाला किती, सगळं त्यांच्या डोक्यात. तीस वर्षं कागदावर अक्षर नाही. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लालासाहेब घाबरले. सहा महिने रोज दुपारी मिस्त्री सांगणार आणि नागसेन पडद्यावरच्या चौकटींत आकडे भरणार. अशी चव्वेचाळीस मिश्रणं भरली, प्रत्येक भागाच्या चित्रासकट. मग मिस्त्री साताऱ्याला डोळ्याचं ऑपरेशन करून शिरवळला, मुलाच्या घरी विश्रांतीला गेले. येत्या सोमवारी पहिल्यांदाच त्यांच्यावाचून भट्टी लागायची होती, पंपाच्या मोठ्या ऑर्डरची. मिश्रणाचा तक्ता यंत्रातून छापून हेल्परांच्या हातात द्यायचा, असं ठरलेलं.

आणि गुरुवारी यंत्र म्हणालं, जागा संपली. छापत नाही.

नागसेननं पुण्याला वीरधवलच्या हॉस्टेलवर फोन लावला.

"नागसेनदादा, सोपं आहे," वीरधवल घाईत होता, दारात त्यांच्या सहलीची बस उभी. "लिनक्समध्ये प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या पॅकेजमधून, म्हणजे बांधून आलेल्या गाठोड्यातून आलेली असते. आणि यंत्र त्याची वही ठेवतं. आरपीएम लिहा, जागा सोडा, आडवी रेघ, क्यू, ए. बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची यादी येईल. नको ते काढायचं. रेघेपुढं ई आणि पॅकेजचं नाव."

"आन चुकून कामाचं निघालं तर?"

"यंत्र स्वतः अडवतं. म्हणतं, ह्याच्यावाचून त्याचं अडेल. मग त्याला हात लावायचा नाही."

"आन समजा एखादी फाइल समोर आली, ती कुणाची ते कसं कळायचं?"

"रेघेपुढं क्यू, एफ, आणि फाइलचा पत्ता. मालकाचं नाव सांगतं."

नागसेननं फोन ठेवला आणि जागच्या जागी खुदकन हसला. अहो, हसणारच की! हे तर त्याचंच राज्य. प्रत्येक भांड्यावर नाव, आणि नाव विचारायची सोय.

यादी मागवली तर पडदा धबधब्यासारखा वाहायला लागला. चारशेवर नावं. त्यानं ती ओळीनं लावून घेतली, एकेकाची माहिती विचारली, डिक्शनरी मांडीवर. बुद्धिबळ गेलं. पत्ते गेले. तेरा भाषा गेल्या. एकदा यंत्रानं अडवलं, तेव्हा त्यानं मुकाट्यानं हात मागं घेतला. लालासाहेब दारातून म्हणाले, "काय रे, किट लेआऊट चाललंय का?" पलटणीत शिपाई आपलं सगळं सामान चादरीवर मांडून दाखवतो, तशी ती तपासणी. "व्हय साहेब, झाडून मांडलंय," म्हणाला.

तरी जागा पुरेना. मग त्यानं मोठी मोठी धुडं शोधली आणि प्रत्येकाला विचारत सुटला, तू कुणाचं? ते म्हणे, मी अमक्या पॅकेजचं. बरं, बस. तू कुणाचं? मी तमक्याचं. बस. आणि एका कोपऱ्यात एक फोल्डर सापडलं, भलंमोठं. व्हीडी एक, व्हीडी दोन, असल्या नावाच्या फायलींनी ठासून भरलेलं. विचारलं, कुणाचं? यंत्रानं उत्तर दिलं, ही फाइल कुठल्याही पॅकेजच्या मालकीची नाही. दुसरीला विचारलं. तेच. दहा विचारल्या, दहांचं तेच.

बेवारस! नागसेनच्या हाताला आठ वर्षांचं वळण. पॅकेजच नसल्यामुळं ई लावून काढता येईना, म्हणून थेट पुसायचा हुकूम लिहिला. एंटर. आणि तो चहाचा घोट.

जागा भरपूर झाली. आता तक्ता छापू, म्हणून त्यानं वीरधवलचा प्रोग्राम उघडला. चौकटी आल्या. चौकटींत काही नाही. बंद केला, पुन्हा उघडला. एकूण मिश्रणं: शून्य.

माणसाला घाम फुटतो म्हणतात, ते त्या दिवशी कुपवाडात बघायला मिळालं असतं. पंखा डोक्यावर फिरतोय आणि पाठीला शर्ट चिकटलेला. व्हीडी म्हणजे वीरधवल! यंत्राच्या वहीत नाव असतं ते बाहेरून आणून बसवलेल्या सामानाचं. घरात शिजलेल्या अन्नावर कुठला दुकानदार नाव घालील? मिस्त्रींची चव्वेचाळीस मिश्रणं कुणाच्या मालकीची नव्हती, कारण ती ह्या फौंड्रीचीच होती. आणि रोज एकेक नक्कल आपोआप पडायची सोय वीरधवलनं हौसेनं केली होती, ती त्याच फोल्डरात. तीही गेली.

पुसलेलं परत आणायचा हुकूम त्यानं पंधरा मिनिटं शोधला, नव्हताच; आणि वीरधवल तर सहलीला गेलेला. मग उठून लालासाहेबांच्या टेबलापाशी गेला.

"साहेब, मिस्त्रींची मिश्रणं गेली. मी पुसली."

"गेली म्हणजे? आण परत."

"येत न्हाईत."

लालासाहेबांच्या हातातला गॉगल टेबलावर पडला. युद्ध बघितलेला माणूस, पण पार हादरला. म्हणाले, "सोमवारी काय ओतायचं? तुझं कपाळ?" मग खण उघडून एकच कागद काढला. पंपाच्या मिश्रणाचा, महिन्यापूर्वी प्रिंटर तपासायला म्हणून छापलेला. बाकी त्रेचाळीस हवेत. "शनिवारपर्यंत सगळी परत आण. नाहीतर सोमवारी कामावर येऊ नकोस."

शुक्रवारी पहाटे नागसेन स्वारगेटच्या एसटीत बसला. कराड गेलं, सातारा गेलं, खंबाटकीचा घाट उतरला, आणि मनात एकच: मिस्त्रींना सांगायचं कसं? सहा महिने रोज दुपारी घसा कोरडा केला त्या म्हाताऱ्यानं.

शिरवळला दार उघडलं ते मिस्त्रींच्या बायकोनं, बनुबाईंनी.

"या! आता तुमीच सांगा ह्यास्नी. आठ दिस झालं, धड जेवत न्हाईत. आपरेशन डोळ्याचं झालंय का पोटाचं, त्येच कळंना."

नाथाजी मिस्त्री काळा चष्मा लावून कॉटवर बसलेले. आवाजावरून ओळखलं आणि एकदम ताठ झाले. "नागसेन? सोमवारची भट्टी आजच लावली का काय रं?"

"न्हाई मिस्त्री." तो खाली सतरंजीवरच बसला आणि सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

मिस्त्री ऐकत होते. मग म्हणाले, "समदं गेलं? येकबी ऱ्हायलं न्हाई?"

"पंपाचा येक कागद ऱ्हायलाय साहेबांकडं. बाकी समदं गेलं."

"लय ब्येस झालं गड्या!"

नागसेनला वाटलं, म्हातारा रागानं भ्रमला. पण मिस्त्रींनी काळ्या चष्म्याखालून रुमाल घातला आणि डोळे टिपायला लागले. बनुबाई ओरडल्या, "आवं, डोळ्याला पाणी न्हाई लावायचं, डागदर काय म्हनला!"

"गप ग. नागसेन, ऐक. त्यातली अकरा खोटी हुती."

"काय?"

"खोटी. पंपाचं तर पह्यलंच. फेरोसिलिकॉन दोन किलो सांगितलं तुला. सव्वातीन लागतं. दोनावर बीड पांढरं पडतं, काचंवानी. मशिनवर ड्रिल लावला की टणकन दोन तुकडं. म्या म्हनलं, समदं त्या डब्यात गेल्यावर नाथा मिस्त्री कशाला लागतोय कुणाला? अकरा हातात ठेवली. अडलं म्हंजी बोलवतील. मग हितं आलो आन डोळ्यावर पट्टी बांधल्यापास्नं त्येच दिसतंय. सोमवारी भट्टी लागनार, समदा माल फुटनार, आन कागदावर नाव कुणाचं? तुझं. फोन करावा म्हनलं, तर जीभ उचलंना."

बनुबाईंचा हात तोंडावर गेला तो तिथंच राहिला. गेले चोवीस तास नागसेन ज्या अन्नासाठी रडत होता, त्यात विष होतं. आणि ते त्यानंच ओतून दिलं होतं, भलत्याच कारणानं!

"वही हाय का?" मिस्त्री म्हणाले. "काढ. आता खरं सांगतो."

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत सांगणं चाललं, सकाळी उठून परत. बनुबाईंनी भाकरी थापता थापता मध्येच दटावावं, "नीट आठवून सांगा, न्हाईतर परत डोळं वल्लं कराल." मिस्त्री पहिल्यांदाच पोटभर जेवले. चित्रं नाहीत, नुसते आकडे, म्हणून एवढ्यात चव्वेचाळीस पुरी झाली. नागसेन निघाला तेव्हा मिस्त्रींनी चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"लालासाहेबास्नी काय सांगशील रं?"

नागसेननं दुसऱ्या हातानं त्यांचा हात थोपटला आणि वही काखेत मारली. सांगावं, तर म्हाताऱ्याची तीस वर्षं एका क्षणात मातीत. न सांगावं, तर स्वतःच्या खुर्चीचं काय? एसटी घाट चढत होती आणि हा वहीवर दोन्ही हात ठेवून बसलेला.

शनिवारी चार वाजता लालासाहेबांनी वही उघडली. पानं उलटली, मान डोलावली. मग पंपाचं पान आलं. त्यांनी खणातला छापील कागद काढून शेजारी ठेवला आणि चष्मा चढवला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"नागसेन."

"जी साहेब."

"ह्या कागदावर फेरोसिलिकॉन दोन. वहीत सव्वातीन. सहा महिने तूच बसला होतास ना मिस्त्रींच्या पुढ्यात? मग खोटं कुठलं, आणि कुणाचं?"

बाहेर साचे भरायचे थांबले होते. हेल्पर दारात गोळा झालेले. नागसेननं कागदाकडं बघितलं, मग लालासाहेबांकडं, आणि म्हणाला,

"चूक छापील कागदात हाय साहेब, आन तो कागद माझ्या हातचा हाय. वही मिस्त्रींच्या तोंडची हाय. भट्टी वहीवर लावा, आन सोमवारी मी यायचं का न्हाई, त्ये तुमी सांगा."